रिळातला कृष्ण आणि आमचे आबा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



आज बोलायचं आहे ते एका शंभर वर्षांपूर्वीच्या सिनेमाबद्दल. पण आधी आमच्या आबांची ओळख करून देतो, कारण तो सिनेमा मी पाहिला तो निम्मा माझ्या डोळ्यांनी आणि निम्मा त्यांच्या.

आबा आमच्या वाडीतले. वय ऐंशीला टेकलेलं. उमेदीची चाळीस वर्षं त्यांनी दशावतारात काढली, तीही बहुतेक स्त्रीपार्टी म्हणून. तारामती, द्रौपदी, सुभद्रा. मालवण, कुडाळ, वेंगुर्ले या टापूत ज्यांनी जत्रा जागवल्या आहेत त्यांना मी नाव सांगितलं तर लगेच ओळख पटेल. पण ‘रेडिओर माझा नाव घेव नको, लोक बोलावूक लागतले’ अशी तंबी मिळाली आहे, म्हणून नुसतं आबा.

गोष्ट नोव्हेंबर २०२४ची. पणजीला भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला होता. २००४पासून हा महोत्सव गोव्यातच भरतो, म्हणजे आमच्यासाठी शेजारच्या घरचंच कार्य. त्या वर्षी पुनरुज्जीवित केलेल्या भारतीय अभिजात चित्रपटांचा एक विभाग होता. ‘आवारा’ होता, देव आनंदचा ‘हम दोनो’ होता, सत्यजित राय यांचा ‘सीमाबद्ध’ होता. आणि या सगळ्यांच्या आजोबांच्या वयाचा एक मूकपट होता, दादासाहेब फाळक्यांचा १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’. तोही नुसता नव्हे, तर समोर बसून वाजवलेल्या संगीतासह. सत्यकी बॅनर्जी आणि त्यांचे सहकारी ते संगीत सादर करणार होते.

माझा भाचा पणजीत नोकरीला आहे. त्याने नावनोंदणीची खटपट केली आणि विचारलं, ‘मामा, सोबत कोण?’ मी आबांना विचारलं. सिनेमाला येता का, असं विचारलं तेव्हा नाही म्हणाले. कृष्णाचं आख्यान आहे म्हटल्यावर लगेच धोतर बदलायला आत गेले.

कुडाळहून रेल्वेने थिवी आणि पुढे बसने पणजी. वाटेत मी त्यांना समजावत होतो की सिनेमा फार जुना आहे, खराब झाला होता, तो आता साफ करून नवा केला आहे. आबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मडुरे स्टेशन गेल्यावर त्यांनी विचारलं, ‘ह्यां धुतल्यानी कशान? रिठ्यान?’

मी हसलो. पण नंतर वाटलं, प्रश्न अगदी बिनतोड होता. जुना सिनेमा धुतात म्हणजे नेमकं काय करतात, हे मलाही धड ठाऊक नव्हतं. परत आल्यावर मी त्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

सिनेमा म्हणजे शेवटी एक लांबच लांब पट्टी. तिच्यावर एकामागून एक बारीक चित्रं. बोलपटात सेकंदाला चोवीस चित्रं पडद्यावरून जातात. अडीच तासांचा सिनेमा धरा, तर दोन लाखांहून जास्त चित्रं झाली. त्या पट्टीच्या कडेला भोकं असतात, यंत्राचे दाते त्यांत अडकून पट्टी पुढे सरकते. वर्षानुवर्षं चालून भोकं फाटतात, पट्टी आकसते, मध्येच तुटते आणि कुणीतरी ती चिकटवून पुढे चालवतं. तेव्हा पहिलं काम अगदी शिंप्याचं. माणूस दिव्याच्या टेबलावर पट्टी घेऊन बसतो आणि हाताने फाटकं सांधतो. मग ती धुतात. रिठ्याने नव्हे, रसायनाने, पण धुतात हे खरंच! त्यानंतर एकेका चित्राचं स्कॅनिंग. ते करताना कधी कधी पट्टी एका द्रवातून नेतात. कारण ओरखडा कोरडा असला की पांढरा चमकतो, तोच भरला गेला की दिसेनासा होतो. घासलेल्या काचेवर पाणी ओतून पाहा, तसंच ते. पुढचं काम संगणकावर. धुळीचे ठिपके, डाग, उभ्या रेघा, चित्राची थरथर, उजेडाची लुकलुक, हे चित्रामागून चित्र बघत काढायचं. यंत्र मदत करतं, पण ते कधी पावसाचा थेंबही धूळ समजून पुसून टाकतं. तिथे माणूस लागतोच.

या कामात एक पथ्य असतं आणि ते मला फार आवडलं. काळाने जे वर चढवलं ते काढायचं, पण करणाऱ्याने जे केलं त्याला हात लावायचा नाही. चित्र मुळात थोडं अस्पष्ट घेतलं असेल तर ते अस्पष्टच राहिलं पाहिजे. आपल्याकडे कोकणात ‘जीर्णोद्धार’ हा शब्द ज्या अर्थाने वापरतात त्याच्या हे अगदी उलट आहे. आपण जुनं कौलारू देऊळ पाडतो, कोरलेले लाकडी खांब ठेकेदाराला देतो, त्या जागी सिमेंटचं शिखर उभारून गुलाबी रंग देतो आणि वर संगमरवरी पाटीवर लिहितो, जीर्णोद्धार. असो. हा विषय निघाला की माझा आवाज चढतो.

जुने मूकपट बघून आपल्याला हसू येतं त्याचंही कारण मला या वाचनात कळलं. माणसं तुरुतुरु पळतात, हात झटक्याने हलतात. आपल्याला वाटतं, तेव्हाचा सिनेमाच तसा होता. तसं नव्हतं. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत आणि सेकंदाला साधारण सोळा-अठरा चित्रं घेत. तीच पट्टी पुढे चोवीसच्या वेगाने चालवली की राजा हरिश्चंद्रसुद्धा गाडी चुकल्यासारखा पळू लागतो. त्या पळण्याला दोन पिढ्या हसल्या.

तर आम्ही आत जाऊन बसलो. अंधार झाला आणि सुरुवातीलाच एका मुलीचा चेहरा आला. ती मंदाकिनी, फाळक्यांची लेक, सहा-सात वर्षांची. हिनेच कृष्णाचं काम केलं आहे. पण गोष्ट सुरू करण्याआधी फाळके तिचा नुसता चेहरा दाखवतात. ती वेगवेगळे भाव करून दाखवते, आणि मग बघता बघता त्या मुलीच्या जागी सजलेला कृष्ण उभा राहतो.

आबा पुढे वाकले. ‘चेडू आसा रे ह्यां!’ ते जरा मोठ्यानेच बोलले. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘आमी जल्मभर बायलमाणसां झालंव, आणि ह्यां चेडू कृष्ण झाला.’

श्रोतेहो, दशावतारात नट आपला रंग आपणच लावतो. देवळाच्या मागच्या पडवीत पेटाऱ्याला टेकवलेला आरसा, बाजूला पेट्रोमॅक्स, आणि लहान पोरांची खांबाआडून चाललेली टेहळणी. आम्हीही तसे चोरून बघायचो. ओळखीतला माणूस बसलेला असायचा आणि तासाभराने तिथून द्रौपदी उठायची. ते जे आम्ही पडवीत चोरून बघितलं ते फाळक्यांनी पडद्यावर सर्वांसमोर मांडलं होतं. आधी मुलगी बघा, मग कृष्ण बघा. खोटं आहे हे सांगून टाकलं आणि तरीही तुम्ही हात जोडाल याची त्यांना खात्री होती. आबांना मात्र ते पटलं नाही. ‘रंग लावच्या आधी तोंड दाखवक नको होता,’ असं त्यांचं मत. त्यांच्या धंद्यात ते बरोबरच आहे.

मूकपटात मधूनमधून मजकुराच्या पाट्या येतात. मी त्या हळू आवाजात आबांना वाचून दाखवू लागलो, तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘गप रव. माका कळता.’ आणि खरोखर कळत होतं. लोणीचोरी, गावकऱ्यांच्या तक्रारी, यशोदेचा धाक, पुढे काय येणार हे त्यांना पडद्याआधी ठाऊक होतं. यमुनेच्या तळाशी कृष्ण आणि कालियाची झुंज लागते आणि काठावर नंद-यशोदा ऊर बडवतात, तिथे समोरचं संगीत असं काही चढत गेलं की आबांची बोटं खुर्चीच्या दांडीवर मृदंगाचा ठेका धरू लागली. कृष्ण पाण्यावर आला, नागाच्या फण्यावर नाचू लागला, आणि आबांनी चक्क हात जोडले. मी इकडेतिकडे पाहिलं. हात जोडणारे ते एकटे नव्हते.

चहा पिताना मी विचारलं, पाण्याखालची मारामारी कशी वाटली? आता दशावतारातही ‘ट्रिकसीन’ आले आहेत, धूर काय, दिवे काय, आणि आबांचा त्यावर भारी राग. मला वाटलं, इथेही नाक मुरडतील. पण म्हणाले, ‘ह्येचो ट्रिकसीन बरो. आख्यान थांबना नाय.’ फाळके स्वतः जादूचे प्रयोग करत, आपलं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. त्यांना ही दाद नक्की आवडली असती.

इथपर्यंत सगळं छान झालं. पण घरी परतताना माझ्या डोक्यात एक वेगळाच हिशोब सुरू झाला होता, आणि तो तितकासा छान नाही.

आपल्या देशात मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट तयार झाले. त्यांतले आज किती शिल्लक आहेत? तीससुद्धा नाहीत, आणि त्यांतले बरेच अर्धेमुर्धे. ‘राजा हरिश्चंद्र’, ज्याच्या नावाने आपण ३ मे १९१३ हा दिवस सांगतो, तो चार रिळांचा होता. त्यातली पहिली आणि शेवटची अशी दोन रिळं उरली, आणि तीही १९१३ची की १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची, यावर जाणकारांत वाद आहे. त्याआधी फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावून रोज थोडं थोडं चित्रण करत ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला होता. तो दाखवून त्यांनी भांडवल मिळवलं. म्हणजे ज्या बीजातून हा सगळा वृक्ष झाला ते बीज. ते नाही. त्याच्याही आधी, १८९९ साली, मुंबईत हँगिंग गार्डनमध्ये सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, कुस्तीचं चित्रण केलं होतं. तेही नाही.

‘कालिया मर्दन’ उरला तो कसा? पुण्याला १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं. तिथे पी. के. नायर नावाचा एक वेडा माणूस होता. वेडा हा शब्द मी अत्यंत आदराने वापरतो आहे. केरळातून आलेल्या या गृहस्थांनी महाराष्ट्रात बसून आपल्या फाळक्यांचे तुकडे वेचून आणले. ‘कालिया मर्दन’चे विस्कळीत तुकडे हाती आल्यावर फाळक्यांच्याच टिपणांच्या आधाराने त्यांचा क्रम लावला. १९९१ साली नायर निवृत्त झाले तेव्हा संग्रहात बारा हजारांच्या आसपास चित्रपट जमले होते. ४ मार्च २०१६ रोजी ते पुण्यातच वारले. हे संग्रहालय २०२२पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहे, आणि पणजीत आम्ही जे पाहिलं ते त्यांच्याच कामाचं फळ.

बाकीचे गेले ते कुठे गेले? काही जळून गेले. त्या काळची फिल्म नायट्रेटची, बारुदासारखी पेट घेणारी. पुण्यातच ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि कित्येक जुन्या चित्रपटांच्या मूळ प्रती तासाभरात गेल्या. काही चांदीपायी गेले. काळ्यापांढऱ्या फिल्मवरच्या मुलाम्यात चांदी असते; सिनेमा चालून झाला की तो उकळून चांदी काढायची आणि उरलेली पट्टी विकायची. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ असाच गेला, अशी हकिकत नायर सांगत. आणि काही नुसते हवेने गेले. नायट्रेटनंतर जी सुरक्षित फिल्म आली तिला गरम आणि दमट हवा सोसत नाही. ती आतून कुजू लागते आणि तिला आंबूस, शिरक्यासारखा वास सुटतो.

तो वास मी ओळखतो.

माझे वडील लग्नाआधी काही वर्षं एका फिरत्या तंबू-टॉकीजबरोबर ऑपरेटर म्हणून हिंडले होते. पुढे त्यांनी ते सोडलं आणि दुकान टाकलं. पण त्या दिवसांची खूण म्हणून एक पत्र्याचा गोल डबा आमच्या माळ्यावर होता. लहानपणी आम्ही भावंडं तो उघडायचो. आत गुंडाळलेली फिल्म. तिचं टोक कंदिलासमोर धरलं की बारीक बारीक माणसं दिसायची. समुद्राचा काठ, आणि दोर ओढणाऱ्या माणसांची रांग. रापण. एका चित्रात ती वाकलेली, पुढच्या चित्रात जरा कमी वाकलेली. आम्हाला वाटायचं, सगळी फिल्म उलगडली तर जाळं बाहेर येईल आणि मासे दिसतील. बाबा हात लावू देत नसत. ती कुठली, कुणी काढलेली, हे आम्ही कधी विचारलं नाही. मुलं तसं विचारत नाहीत.

१९८७ साली घराचं छप्पर उतरवलं. माळा रिकामा करताना तो डबा निघाला. उघडला तर आंबलेल्या माडीसारखा भपकारा आला. फिल्म चिकटून लगदा होऊ लागली होती. भंगारवाला दारात उभाच होता. फुटक्या घमेल्यांबरोबर मी तो डबाही दिला. मी, मराठी आणि इतिहास शिकवणारा मास्तर. बाबा ओट्यावर बसून बघत होते. ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी जेवायला मात्र उशिरा उठले.

आता कळतं की चिकटलेल्या फिल्मचीही थोडीफार चित्रं कधी कधी सोडवता येतात. वर्षागणिक संधी कमी होत जाते एवढंच. त्या डब्यात फार मोठं काही होतं असं मी म्हणत नाही. कुठल्यातरी माहितीपटाचा तुटलेला शेपटा असेल. पण त्यातले ते दोर ओढणारे लोक कोण होते, कुठल्या किनाऱ्यावरचे, मालवणचे की आणखी कुठले, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

युरोपात बाल्टिक समुद्राच्या काठी एस्टोनिया नावाचा छोटा देश आहे. लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास. आपला सिंधुदुर्ग जिल्हा २०११च्या जनगणनेत साडेआठ लाखांचा होता, त्यावरून अंदाज करा. त्या देशाची भाषा जगात दुसरीकडे फारशी कुणी बोलत नाही. तिथल्या लोकांनी आपले जुने छोटे छोटे चित्रपट जपून ठेवले आहेत, ते साफ करून पुन्हा दाखवतात. योहानेस पेसुके नावाच्या तरुण छायाचित्रकाराचा १९१४ सालचा अस्वलाच्या शिकारीचा एक लघुपट आहे. शिकार हे निमित्त, खरी टिंगल पार्नू शहराच्या महापौराची! हा पेसुके खेडोपाडी फिरून तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी लोकांचे फोटो काढायचा. १९१८ साली पंचविशीतच रेल्वे अपघातात गेला.

पण मला त्याहून जवळची वाटली ती दुसरी फिल्म. थिओडोर लुट्स यांनी १९३१च्या सुमारास रुह्नू नावाच्या बेटावरच्या लोकांवर माहितीपट केला. समुद्रावर जगणारी, स्वीडिश बोलणारी माणसं. आणि १९४४च्या ऑगस्टमध्ये, युद्ध दारात आलं तेव्हा, हे जवळजवळ सगळं बेट होड्यांत बसून स्वीडनला निघून गेलं. दोनच कुटुंबं मागे राहिली. चित्रीकरण चाललं होतं तेव्हा बेटावर कुणाला वाटलं असेल की हे जपून ठेवण्यासारखं आहे? रोजचंच तर काम.

आमच्याकडे रापण अजून लागते, पण पूर्वीसारखी नाही. दोराला हात लावायला वाडी लोटायची ते दिवस गेले.

याच्या आदल्याच वर्षी, २०२३ साली, त्याच महोत्सवात आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ पुनरुज्जीवित होऊन आला होता. तो मी पाहिला आणि माझी जरा पंचाईत झाली, तेही सांगून टाकतो. १९५३चा हा चित्रपट, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. गोष्ट आपल्या कोकणातली, साने गुरुजी पालगडचे. संगीत वसंत देसायांचं, आणि ते तर आपल्या कुडाळ तालुक्यातल्या सोनवड्याचे. मी तो प्रथम पाहिला साठीच्या दशकात, शाळेच्या मैदानात, चादरीच्या पडद्यावर. प्रत फार फिरलेली होती. द्रौपदीने कृष्णाला चिंधी दिली ते गाणं ऐन रंगात आलं की चित्र उडी मारायचं आणि एक ओळ गिळली जायची. तो सिनेमा आमच्याकडे तीन वर्षांत तीनदा आला, आणि तीनही वेळा तीच उडी. ती उडी इतकी पाठ झाली की पुढे रेडिओवर ते गाणं लागलं तरी मी त्या जागी नकळत थांबायचो.

पणजीत ते गाणं अखंड ऐकू आलं. वनमालाबाईंचा चेहरा इतका स्वच्छ दिसला की डोळ्यांखालची सावली दिसावी. आणि मी त्या जागी थांबलो, पण गाणं थांबलं नाही, ते पुढे गेलं. क्षणभर मला चुकल्यासारखं झालं. वाटलं, हा सिनेमा आहे खरा, पण माझ्या मैदानावरचा नाही. आता हे चूक आहे, मला कळतं. अत्र्यांनी उडी चित्रित केली नव्हती, ती कुठल्याशा ऑपरेटरने तुटलेली पट्टी चिकटवताना घडली. माझ्या वडिलांसारख्याच कुणीतरी. ती काढली हेच योग्य. तरीही तुम्हाला खरं ते सांगितलं.

हे मी आबांना गाडीत सांगितलं होतं. ते ऐकून म्हणाले, ‘मगे तुझी उडी खंय ठेवल्यानी?’ मी म्हटलं, कुठेच नाही, माझ्या डोक्यात आहे. यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, ‘आमचा सगळाच डोक्यात.’

आणि ते खरंच आहे. दशावताराला संहिता नसते. संध्याकाळी आख्यान ठरतं, कोण कोण काय ते ठरतं, आणि मध्यरात्रीनंतर पेटी, मृदंग, झांजा सुरू झाल्या की संवाद तिथल्या तिथे जन्माला येतात. आबांची तारामती स्मशानात जे बोलायची ते दर रात्री वेगळं असायचं. आमच्या गावच्या जत्रेत मी एकदा ते ऐकून पहाटे रडत घरी गेलो होतो. त्यातला एक शब्द आज कुठे नोंदलेला नाही. फाळक्यांचा कृष्ण १९१९चा, तो सापडला, धुतला, पुन्हा नाचला. आबांची तारामती १९७५ची, आणि ती शोधायची म्हटलं तर कुठला डबा उघडायचा?

माझ्या भाच्याने हे मनावर घेतलं. पुढच्या जानेवारीत, म्हणजे २०२५ साली, गावच्या जत्रेत मंडळींनी आबांना आग्रहाने छोटंसं काम दिलं. फक्त नारदाचं, दहा मिनिटांचं. भाच्याने मोबाइल तिकाटण्यावर लावून, वेगळा माइक जोडून, दशावतार आरंभापासून उजाडेपर्यंत टिपला. संकासुर आला तेव्हा पोरं किंचाळली, तेसुद्धा आलं आहे. आता त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आहेत, एक माझ्या कपाटात. डब्याचा अनुभव असलेला माणूस आहे मी! ही संगणकाची नोंद किती वर्षं टिकते म्हणाल, तर तीही आपोआप टिकत नाही. दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवून घ्यावी लागते, नाहीतर तिला वासही न येता ती जाते.

महिन्याभराने भाचा ते चित्रण घेऊन आबांकडे गेला. मीही होतो. त्याने आवाज साफ करण्याचं काम सुरू केलं होतं. जनरेटरची घरघर काढली होती, ती काढलेली आबांना आवडली. नारदाच्या बोलण्यात एके ठिकाणी पेटीवाला सलग दोन-तीनदा खोकतो. भाचा म्हणाला, ‘आबा, हे पण काढून टाकतो, मग तुमचं बोलणं स्वच्छ ऐकू येईल.’

आबांनी त्याला ते परत लावायला सांगितलं. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, ‘तो खोकलो काढू नको रे. त्या खोकल्यावरनाच माका कळता, पेटीर कोण आसा तां.’